मागच्या खोलीतलं बेट

९ जून

मावशी,

नमस्कार कागदावरूनच घे. पाया पडायला समोर असते तरी तू दुकानात एका जागी कधी उभी असतेस म्हणा. खोली मिळाली. तिसरा मजला, खाली कपडे धुण्याचं दुकान, त्यामुळे साबणाचा वास दिवसभर फुकट. ऑफिस चालत जाण्याएवढं जवळ आहे आणि साहेब बरा माणूस वाटतो, निदान अजून तरी.

निघताना तू बजावलंस की फोन करू नकोस, पत्र लिही. फोनवर मी नुसती 'हं, हं' करते आणि मागून कीबोर्डचा आवाज येतो. कबूल. म्हणून हा कागद.

आता कामाचं. मागच्या खोलीत, जुन्या फ्रेमांच्या कपाटाशेजारी, माझं मशीन चालू आहे. ते बंद करायचं नाही. त्यावर आमचं बेट आहे. तू नेहमी 'तो तुझा खेळ' म्हणून हात झटकतेस, म्हणून एकदा नीट सांगते. हे समुद्रातलं एक बेट, पण मशीनमधलं. कुठेही बसलेला माणूस आपल्या कॉम्प्युटरवरून त्यावर येतो, घर बांधतो, मळा लावतो, रस्ता काढतो, गप्पा मारतो. जिंकणं-हरणं काही नाही. सध्या आम्ही अकरा रहिवासी आहोत. मशीन बंद पडलं की बेट बुडतं आणि अकराही जण पाण्यात.

हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालतं तो आम्ही उघडा ठेवलाय. कोणीही वाचावा, चुका काढाव्यात, सुधारावा, वाटलं तर उचलून नेऊन स्वतःचं वेगळं बेट काढावं. पैसे नाहीत. तू म्हणशील कार्टीला व्यवहार कळत नाही. पण शेजारणीला कृती सांगितली म्हणून आपल्या पातेल्यातलं कमी होत नाही ना, तसंच हे.

हिरवा दिवा असला की सगळं ठीक. वीज जाऊन आली आणि दिवा लाल झाला, तर पुढचं बटण एकदाच दाबायचं. दुकानाचा नंबर मी गवंड्याला दिलाय. तो खरा गवंडी नाही, कुठल्याशा गावात पोस्टात आहे. पण बेटावरच्या अर्ध्या भिंती त्याच्या हातच्या, म्हणून हे नाव पडलं. बेट बुडालं की तो तुला फोन करेल. त्याच्यावर ओरडू नकोस.

तुझी,
ठमी


२६ जून

ठमाबाई,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं. वाचताना मलाच चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा लागणार.

तुझ्या त्या धुडाबद्दल. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत आहे. दिवसभर घुरघुरतं. परवा एक गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता थांबलं आणि म्हणालं, 'मागे कोणी आजारी आहे का?' मी म्हटलं, भाची ठेवून गेलीय, मी सांभाळतेय. बाई हळहळत गेल्या.

मंगळवारी वीज गेली. आली तेव्हा मी एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते, तेवढ्यात फोन. 'नमस्कार, बेट बुडालंय.' मी म्हटलं, हे चष्म्याचं दुकान आहे, होड्या आम्ही ठेवत नाही. माणूस सभ्य. हसला, नाव सांगितलं, आणि मी बटण दाबून येईपर्यंत फोन धरून थांबला. मग म्हणाला, बेट वर आलं की नाही हे तुम्हालाच बघता यावं म्हणून तुम्हीही एक नाव घेऊन ठेवा. मला म्हणे रहिवासी करून टाकलं. नाव 'भिंगवाली'. दुकानाच्या कॉम्प्युटरवर गेले तर मी बेटाच्या धक्क्यावर उभी, डोक्यावर टोपी. असली टोपी मी जन्मात घातली नसती.

आणि ती धक्क्यावरची पाटी. अक्षरं मुंगीनं मुंगीसाठी लिहिलेली, तीही करड्यावर पांढरी. चाळिशी लागलेल्या माणसानं वाचायची कशी? तुमच्यात तक्रार कोणाकडे करतात? तू तर तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणार.

रोज दिवा बघते. हिरवा आहे.

मावशी


१४ ऑक्टोबर

मावशी,

तुझी तक्रार मी तू लिहिलीस तशीच्या तशी सगळ्यांपुढे ठेवली, मुंग्यांसकट. तिसऱ्या दिवशी एका परिचारिकेनं ती दुरुस्ती करून पाठवली. आम्ही तिला ओळखतही नव्हतो. प्रोग्राम उघडा होता, तिनं वाचला, आणि रुग्णालयातल्या सुट्टीच्या दिवशी बसून पाट्या नीट केल्या. आता ज्याला हवी त्याला अक्षरं मोठी आणि गडद करून घेता येतात. आपला प्रोग्राम नेऊन तीन जणांनी आपापली बेटं काढलीयत, त्यांनीही ती दुरुस्ती उचलली. जिथे जिथे ती गेली, तिथे खाली लिहिलेलं आहे: 'तक्रार: भिंगवाली'. मला इतका अभिमान वाटला की ऑफिसात शेजारच्या टेबलावर जाऊन सांगितलं.

साठ-सत्तर लोक झालेत. माणसं आली की भांडणं आलीच. गवंड्यानं पहिल्यांदा बांधलेला पूल अरुंद आहे म्हणून नव्या लोकांनी मत घेतलं, जास्त हात वर झाले आणि पूल पाडला. गवंड्यानं आठवडाभर एक वीट रचली नाही. मला फार वाईट वाटलं. मग आम्ही बसून नवा रिवाज घातला. प्रस्ताव आला की धक्क्यावर त्याची पाटी लागते. ज्याला तो मनापासून नको असेल त्यानं पाटीपुढे दगड ठेवायचा. दगड आहे तोवर ते काम पुढे सरकत नाही. ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा, दुसऱ्या कोणाला तो हलत नाही, मलाही नाही. आणि त्यावर नाव नसतं, म्हणजे नवख्याला भीड पडू नये.

पहिला दगड बेडकानं ठेवला, तळं बुजवायचं चाललं होतं तेव्हा. तळ्याकाठी राहतो आणि सतत बोलतो म्हणून बेडूक. खरा न्हावी आहे. स्वतःच ओरडून सांगितलं की माझा आहे. दोन दिवस वाद घातला, तळं वाचवलं आणि उचलला.

तुझी,
ठमी


२ एप्रिल

ठमे,

तू फेब्रुवारीत पंखा बघायला आलीस त्यानंतर मशीन जरा शांत होतं. आता पुन्हा कुरकुर. उन्हाळा वाढतोय, मागची खोली भट्टी झालीय, धूळ बसते ती वेगळीच, आणि फ्रेमांचं नवं कपाट ठेवायला मला जागा नाही. सगळ्या गावाचा संसार माझ्या घरात. पुढच्या जन्मी भाची नको, मांजर दे, असं सांगणार आहे.

बेटावर मी काही रोज जात नाही. दुकान बंद केलं की जरा डोकावते, चालू आहे ना बघायला. तो बेडूक नेमका तिथेच असतो. त्यानं मला दिवा करायला शिकवलं. धक्क्यावर रांगेनं लावलेत, नवीन माणसाला पाट्या दिसाव्यात म्हणून. एवढ्यात बारा झाले. तो सारखं डोकं दुखतं म्हणायचा. मी म्हटलं, डोकं नव्हे, डोळे दुखतायत, जवळच्या दुकानात जाऊन नंबर काढ. काढला. दीड निघाला. इतकी वर्षं लोकांचे कान वाचले ते देवाची कृपा.

परिचारिका म्हणते, तुमच्या दिव्यांखाली बसून मी डबा खाते. कुठली कोण पोरगी, बघितलेलीही नाही मी तिला.

तर पंख्याचं बघ. मला आवाज बरा वाटत नाही. सवड असेल तर येऊन जा. नसेल तर राहू दे, मी कानात कापूस घालीन.

मावशी


१९ जानेवारी

मावशी,

नवीन वर्षाची चांगली बातमी. तुझी सुटका होणार.

गेल्या वर्षात पंख्यासाठी मी तीन खेपा केल्या. प्रत्येक वेळी सगळं उघडून दोन दोन दिवस तपासलं, काहीच सापडलं नाही. मशीन ठीक असूनही तुला आवाज येतोय, म्हणजे तुला त्याचा किती त्रास होत असेल हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तुझी जुनी पत्रं काढून वाचली. घुरघुर, भट्टी, धूळ, कपाटाला जागा नाही. एकाही पत्रात तू मशीनबद्दल बरा शब्द लिहिलेला नाहीस. माझी मलाच लाज वाटली. मी तिकडून निघून आले आणि तुझ्या डोक्यावर हे ठेवून आले.

शिवाय आता आम्ही तीनशेच्या वर गेलोय. इतक्या लोकांची घरं एका घरातल्या एका मशीनवर असणं बरोबर नाही. काही झालं तर सगळंच जाईल. म्हणून प्रस्ताव मांडलाय: सगळ्यांनी थोडे थोडे घालून भाड्याचं मोठं मशीन घ्यायचं आणि चौघांनी आळीपाळीनं सांभाळायचं. गवंडी, परिचारिका, सुतारीण आणि मी. सुतारीण खरीच सुतारीण आहे, बोलायला जरा रंधा मारल्यासारखी, पण कामाला चोख. बेट कोणा एकाचं राहणार नाही, जसं पहिल्यापासून व्हायला हवं होतं.

महिनाभरात खोली मोकळी. कपाट घे आता.

तुझी,
ठमी


३० जानेवारी

ठमे,

पत्र पोचलं. बरं केलंस. सुटले.

इकडे विशेष काही नाही. भिंगं घासायच्या मशीनला नवं चाक बसवलं. शेजारचा छत्रीवाला मागची खोली भाड्यानं मागतोय, त्याला हो म्हणावं असा विचार आहे. वेळेवर जेवत जा.

मावशी


८ मार्च

मावशी,

तुझं पत्र एवढंसं का? तब्येत बरी आहे ना?

इथे सगळं बिनसलंय. माझ्या प्रस्तावापुढे कोणीतरी दगड ठेवलाय. महिना उलटून गेला, दगड तिथेच. पुढे येऊन कोणी कारण सांगत नाही. नुसता दगड.

सगळ्यांचा संशय बेडकावर. आधी त्यानंच ठेवला होता, आणि बोलभांडही तोच. सुतारिणीनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं. तो म्हणाला, माझा असता तर मी गावभर सांगितलं असतं. खरं आहे ते, पण कोणी मानलं नाही. शेवटी त्यानं घराला कुलूप घातलं, दारावर 'रहिवासी बाहेर गेला आहे' अशी पाटी लावली आणि गेला. तळ्यावर आता शुकशुकाट आहे.

काही लोक म्हणतायत, प्रोग्राम उघडाच आहे, आपण उचलून नेऊ, दगडाचा रिवाज काढून टाकू आणि दुसरं बेट काढू. त्यांना अडवायचा हक्क मला नाही, मीच तर तो दिला. पण तसं झालं तर अर्धी माणसं इकडे, अर्धी तिकडे. इतक्या वर्षांचं बेट दुभंगेल. मला झोप लागत नाहीये, मावशी.

गवंडी म्हणाला, मशीनच्या आत नोंद असणारच, तू बघ. असते. बेटावर नाव दिसत नाही, पण आत शोधलं तर मला कळेल. दहा मिनिटांचं काम. मी नाही बघितलं. नाव कोणाला कळणार नाही असं मीच सांगितलं होतं. आज मी बघितलं तर पुढे कोण दगड ठेवेल? ज्यानं ठेवलाय त्याचं काहीतरी दुखत असणार, एवढंच मला समजतं. काय दुखतंय ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी चारला धक्क्यावर सभा आहे. तूही ये. बेडकाचं तुझ्याशी जमायचं, तुला काही बोलला असेल तर सांग.

तुझी,
ठमी


१६ मार्च

ठमे,

काल सभेत लिहिलं ते तू वाचलंसच. तरी कागदावर पुन्हा लिहिते. तिथे मी एका बोटानं टाइप करत होते, मागे शंभर माणसं ताटकळलेली, त्यामुळे निम्मं राहून गेलं.

दगड माझा. तुला 'सुटले' असं लिहून पाकीट टपालात टाकलं आणि त्याच संध्याकाळी जाऊन ठेवला. वाटलं, चार दिवस राहू दे, मग उचलू. मग उचलवेना. बेडकाचं नाव निघालं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मी दिवे लावत बसले. तुझं पत्र आलं, नोंद बघणार नाही म्हणून. ते वाचलं आणि मला दुकानात बसवेना. गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं.

सभेत मी इतकंच लिहिलं: 'दगड भिंगवालीचा आहे. बेडकाची माफी मागते. मशीन माझ्या घरात ठेवणं धोक्याचं आहे हे मला कळतं. पण मशीनचा पंखा कुरकुरला की माझी भाची येते. पंखा कधी कुरकुरलाच नव्हता.'

नंतर बराच वेळ कोणी काही लिहीना. मला वाटलं, मशीनच बंद पडलं. उठून दिवा बघून आले. हिरवा होता.

परत येऊन बसले तर गवंड्यानं टोपी काढलेली. सुतारिणीनं लिहिलं, 'आपण इतके दिवस चुकीच्या माणसाला टोचत होतो.' बेडूक कधी येऊन मागे उभा राहिला कोण जाणे. म्हणाला, 'भिंगवाली, आधी सांगितलं असतंत तर मीच म्हटलं असतं की माझा आहे.' मला रडूच फुटलं बघ. मग दगड उचलला. लोक म्हणाले, दगडाचा रिवाज राहू दे. दुसऱ्या बेटाचं कोणी नाव काढलं नाही.

तू होतीस तिथे. दिसत होतीस मला, डाव्या हाताला, तिसऱ्या दिव्याखाली. एक अक्षर न लिहिता निघून गेलीस. रागावली असशील तर तुझा हक्क आहे. तुझ्या तीन रजा मी फुकट घालवल्या, तुझ्या बेटावर भांडणं लावली, आणि तुझ्याशी खोटं बोलले. पण तुझ्याशिवाय मला घरात करमत नाही, हे त्यामागचं खरं. ते आधीच लिहायला हवं होतं.

मशीन न्यायला कोणाला तरी पाठव. तू मुद्दाम यायची गरज नाही. आणि पत्रांचं म्हणशील, तर आता इकडून खबर देण्यासारखं काही राहणार नाही, तेव्हा तुलाही लिहायचं बंधन नको.

मावशी


२१ मार्च

मावशी,

मी रागावून गेले नाही. मला पडदा दिसेना. नाक वाहायला लागलं तशी उठून खाली कपडेवालीच्या दुकानात जाऊन बसले. तिनं इस्त्री बाजूला ठेवून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही, माझ्या मावशीला माझी आठवण येते. ती म्हणाली, मग रडतेस कशाला, जा की.

लहानपणापासून तुझ्या हाताखाली वाढले. ताप आला की 'करा आता हिचे लाड' म्हणत तू उशाशी बसायचीस. आणि दूर राहायला आले तर तुझी भाषाच विसरले. तू घुरघुर लिहिलंस, मी घुरघुर वाचलं. ऑफिसातला कागद वाचतात तसं तुला वाचत होते. चूक माझी आहे, तुझी नव्हे.

आणि खोटं काय तू एकटीच बोललीस? तो पंखा उघडून बघायला दहा मिनिटं लागतात. तिन्ही वेळा पहिल्या दहा मिनिटांतच मला कळलं होतं की त्याला काही झालेलं नाही. तरी दोन दोन दिवस मी स्क्रू काढत आणि लावत बसायचे. नोकरी करणाऱ्या बाईनं मावशीची आठवण येते म्हणून रजा मागायची कशी, हे मला कळत नव्हतं. साहेबांना 'मशीन बिघडलंय' सांगितलं की ते लगेच सही करायचे.

न्यायला कोणी येणार नाही. बेट तारेवरूनच गेलं. परवा गवंडी, परिचारिका आणि सुतारीण तिघांनी मिळून सगळं नव्या मशीनवर उतरवलं, तुझे दिवेही मोजून घेतले. बेडूक मध्ये मध्ये बोलत होता. मला कोणी काही करू दिलं नाही. म्हणाले, तू जरा बस. मी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावाचून बेटावर सगळं नीट चाललं होतं, आणि मला ते बघायला छान वाटलं. तेव्हा आता तू जाऊन बटण दाब आणि दिवा बंद कर. बेट बुडणार नाही.

छत्रीवाल्याला नाही म्हणून सांग. ती खोली मला लागते.

आज साहेबांकडे अर्ज घेऊन गेले. त्यांनी न वाचताच पेन उचललं आणि विचारलं, पुन्हा मशीन का? मी म्हटलं, नाही, मशीन गेलं, मावशीकडे जायचंय. ते म्हणाले, काही विशेष? मी म्हटलं, काही नाही, नुसती जाणार आहे.

पुढच्या शनिवारी सकाळी पोचते.

तुझी,
ठमी